डाव्या बुटातला खडा

ज्योतीरामचा उजवा पाय कंपनीत कामाला होता. बाकीचा ज्योतीराम त्या पायाबरोबर जायचा, एवढंच.

पिंपरीच्या त्या कारखान्यात पत्र्याचे भाग निघत. ज्योतीरामचा प्रेस पायावर चाले. डाव्या पायावर उभं राहायचं, हाताने पत्र्याची पट्टी डायमध्ये, म्हणजे साच्यात, सरकवायची, हात बाहेर घ्यायचे आणि उजव्या पायाने पायडल दाबायचं. वरून ठोका बसला की पाय लगेच उचलायचा. माल काढायचा, उजेडात धरून बघायचा, पेटीत टाकायचा, पट्टी पुढे. शिफ्टभर हेच. बघणाऱ्याला सोपं वाटतं. पायडल अर्धं दाबलं तर ठोका बसत नाही आणि पाय जरा रेंगाळला तर मागोमाग दुसरा ठोका बसतो. त्या दुसऱ्या ठोक्याखाली कधी माल असतो, कधी बोटं. ज्योतीरामच्या पायाखाली इतक्या वर्षांत दुसरा ठोका बसला नव्हता. त्याने हे कोणाला सांगितलं नाही, कारण काम नीट करणं ही त्याच्या मते सांगायची गोष्ट नव्हती.

सत्त्याहत्तर सालच्या दसऱ्याआधी कंपनीने सगळ्यांना नवे बूट दिले. काळे, जड, पुढे चवड्यावर आत लोखंडी वाटी बसवलेले. ज्योतीराम ते घालून सायकलवर आपल्या गावी, मोशीला आला आणि दसऱ्याला सोनं वाटायलाही तेच घालून निघाला. वेशीपाशी त्याचा चुलतभाऊ भैरू गाडी घेऊन उभा होता. शाळेच्या भिंतीसाठी खाणीवरून दगड आणले होते. सण म्हणून बैलांना झुली घातल्या होत्या, पण काम काही सुटलं नव्हतं.

"भारी वाजत्यात," भैरू बुटांकडे बघून म्हणाला. "आत काय भरलंय?"

"लोखंडाची वाटी हाय. वरून काय बी पडलं तरी बोटाला खरचटत न्हाई. साहेबानं सांगितलंय."

"काय बी?"

"काय बी."

"गाडी?"

"कुठली गाडी?"

भैरूने मागे हात केला. गाडी दगडांनी काठोकाठ भरली होती.

आता बूट काढून नुसता चाकाखाली ठेवावा, हे तिथे जमलेल्या एकालाही सुचलं नाही. सुचलं असतं तरी ज्योतीराम कबूल झाला नसता. पायाशिवाय बुटाची परीक्षा म्हणजे अर्धी परीक्षा, आणि अर्ध्या कामाचा त्याला तिटकारा होता. त्याने उजवा पाय चाकोरीत पुढे केला. भैरूने बैलांना हाक दिली. चाक नीट वाटीवर चढलं. वाटी जागची हलली नाही. लोकांनी मान डोलावली. तेवढ्यात डावीकडच्या बैलाला बुटाची चमक दिसली की आणखी काय, तो बिचकला, जू तिरकं झालं आणि चाक चवड्यावरून घसरून घोट्यावर आलं.

ज्योतीराम खाली बसला. बायको शालनबाई धावत आली तेव्हा तो म्हणाला, "आधी बोटं बघा."

बूट कापून काढला. घोटा भलत्याच दिशेला बघत होता. बोटं पाचही धडधाकट होती.

"खरचटलं बी न्हाई," भैरू कौतुकाने म्हणाला.

"म्या काय म्हनलं व्हतं," ज्योतीराम म्हणाला आणि मग त्याने डोळे मिटले.

पुण्याच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, आत स्क्रू बसवला. शुद्धीवर आल्यावर ज्योतीरामने सर्जनला विचारलं, "आटे किती धरलेत?" सर्जनने चांगले धरलेत म्हणून सांगितलं. "खाली वॉशर टाकलाय?" सर्जन म्हणाले, गरज नव्हती. ज्योतीरामला हे पटलं नाही. प्लॅस्टर होतं तोवर तो मधूनमधून घोट्याला कान लावायचा प्रयत्न करी. स्क्रू ढिला झाला तर वाजेल, असं त्याचं म्हणणं होतं. कान तिथपर्यंत पोचत नसे, म्हणून तो शालनबाईला ऐकायला लावी.

"काय वाजतंय का?"

"तुमचं तोंड वाजतंय," शालनबाई म्हणे.

प्लॅस्टर निघालं तेव्हा आतून जो पाय बाहेर आला तो ज्योतीरामला ओळखू आला नाही. पोटरी गेली होती. घोटा जाम होता, जुन्या बिजागरीसारखा. कंपनीच्या डॉक्टर नीलिमा सबनीस होत्या, चिंचवडला त्यांचा स्वतःचा दवाखाना होता. कामगार त्यांना नुसतं बाई म्हणत. त्यांनी पाय वर, खाली, आत, बाहेर करून पाहिला आणि व्यायाम सांगितला.

"रोज बसून अंगठ्याने हवेत अक्षरं काढायची. गुडघा हलवायचा नाही, फक्त घोटा. क, ख, ग. त्याने सगळ्या बाजूंनी मोकळा होईल."

"किती काढायची?"

"जमतील तितकी."

हे माप झालं नाही. ज्योतीरामने घरी येऊन स्वतःच माप ठरवलं, अ पासून ज्ञ पर्यंत पूर्ण, मध्ये एकही गाळायचं नाही. ङ आणि ञ ही दोन अक्षरं शाळेत गुरुजींनीसुद्धा घाईने उरकली होती, पण ज्योतीरामच्या पायाने ती शाळेपेक्षा नीट काढली. अडचण फक्त ळ ची होती. ळ ला दोन वाटोळी. एक वाटोळं आतल्या बाजूने जाई, दुसऱ्याला घोटा वळायचाच थांबे आणि कळ थेट मांडीपर्यंत चढे. तो दात आवळून अर्धा ळ काढी, थांबे, आणि पुन्हा अ पासून सुरू करी. अर्ध्या ळ वरून पुढे क्ष ला जाणं त्याला चोरी वाटे.

ही साधना ओट्यावर चाले. एकदा भैरू विचारपूस करायला आला आणि समोर बसला. थोड्या वेळाने त्याचं तोंड उतरलं.

"माझ्याकडं पाय का नाचवतोयस, ज्योत्या?"

"नाचवत न्हाई. ळ काढतोय."

"माझ्या तोंडावर?"

"तू समोर बसलायस, म्या काय करू?"

"चाक सरकलं तवा बैल बिचकला. म्या मुद्दाम केलं न्हाई. पर तू आसा भावाला रोज पाय दाखवून शिव्या देणार असशील तर सरळ तोंडानं दे की."

ज्योतीरामने भैरूला पूर्ण मुळाक्षरं हवेत काढून दाखवली तेव्हा कुठे तो शांत झाला. पण येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला शाळा शिकवणं शक्य नव्हतं. त्यापुढे ज्योतीराम गोठ्यात म्हशीकडे तोंड करून बसू लागला. म्हशीला अक्षरांचा राग नव्हता.

अक्षरांनी घोटा सैल झाला, पण जोर येईना. नुसता हवेत हलणारा पाय कामाचा नाही, दाबणारा पाय हवा. घरात पायडल नव्हतं. गावात एकच होतं, युनूस शिंप्याच्या पायमशीनचं. ज्योतीराम काठी टेकत त्याच्या दुकानात गेला.

"युनूसभाई, मशीन तू चालव, पायडल मी मारतो."

युनूसचे गुडघे गेली दोन वर्षं कुरकुरत होते. तो लगेच सरकून बसला. एका बाकावर दोघं. युनूसचे हात कापडावर, ज्योतीरामचा उजवा पाय खाली. युनूसने कापड लावलं आणि म्हणाला, "मार."

ज्योतीरामने पायडल दाबलं. एक टाका पडला. त्याने पाय उचलला, वाकून टाका पाहिला, मान हलवली आणि पुन्हा दाबलं. दुसरा टाका.

युनूसने चष्म्यावरून पाहिलं. "ज्योतीरामभाऊ, हे काय करताय?"

"काम."

"हा पत्रा न्हाई, सदरा हाय. दर टाक्याला माल बघत बसलात तर ज्याचा सदरा हाय त्याचा पोरगा घालील."

पण पायाला दुसरं काही येत नव्हतं. दाब, उचल, बघ. पहिले काही दिवस युनूसच्या दुकानातून जे कपडे बाहेर पडले त्यांचा प्रत्येक टाका तपासलेला होता. एकाने सांगितलं की त्याची विजार काट्यात अडकली, तर बाभळीची फांदी तुटून आली पण शिवण उसवली नाही. युनूस म्हणाला, असे कपडे फाटले नाहीत तर मी खाऊ काय? मग त्याने ज्योतीरामला चाल शिकवली. पाय उचलायचाच नाही, टाच आणि चवडा, टाच आणि चवडा, चक्कीसारखं. ज्योतीरामला ते आधी बेशिस्त वाटलं. पण घोट्याला ते मानवलं. जोर येत गेला, पोटरी दिसू लागली आणि एके दिवशी युनूसचे हात थकले तरी खाली पाय चालूच राहिला.

जानेवारीत कंपनीने त्याला हलक्या कामावर घेतलं. हलकं काम म्हणजे स्टोअरच्या खिडकीशी बसून बूट वाटायचं. तेच ते, लोखंडी वाटीचे. लोक बूट घेताना त्याच्या पायाकडे बघत आणि विचारत, "गाडी चालती ना यावरून?" ज्योतीराम सांगे, "सरळ आली तर चालती."

बसून पगार घेणं त्याला सोसत नव्हतं. तो बसल्याबसल्या टेबलाखाली मुळाक्षरं काढी. त्याच्या प्रेसवर तात्पुरता एक माणूस घातला होता. जेवणाच्या सुट्टीत ज्योतीराम तिकडे जाऊन उभा राही आणि कान देऊन ऐके. दिवसातून एखादा तरी दुसरा ठोका ऐकू येई. तो आवाज त्याला घोट्याच्या कळेपेक्षा जास्त लागे.

खात्यातून सांगणं आलं होतं की मार्चच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी फिट म्हटलं तर प्रेस परत, नाहीतर तो तात्पुरता माणूस कायम आणि ज्योतीराम बुटांच्या खिडकीवर कायम. इथवर सरळ होतं. मध्ये सेफ्टी ऑफिसर आले.

नंदकिशोर बापट हा पुण्याचा माणूस, मनाने चांगला आणि नाटकाचा वेडा. चार मार्चला सुरक्षा दिन. दरवर्षी बापटसाहेब त्या दिवसासाठी नाटक लिहीत आणि बसवत. त्यात यम कारखान्यात येतो, सगळ्यांनी चष्मे आणि बूट घातलेले बघून हात हलवत परत जातो. या वर्षी त्यांना यमाच्या हाती काहीतरी लागायला हवं होतं. कारखान्यात तर नाव घेण्यासारखा अपघात झालेला नव्हता. ऑपरेशन झालेला माणूस एकच होता आणि तो खिडकीत बूट वाटत बसला होता.

"तू फक्त लंगडत यायचंस," बापट म्हणाले. "यम म्हणेल, याने बूट घातले नव्हते. तू मान खाली घालायची. बस."

"बूट घातले व्हते, साहेब."

"माहीत आहे मला."

"बूट घातले व्हते म्हणूनच मोडला. नसते तर म्या पाय कशाला घातला असता चाकाखाली?"

बापटांनी कपाळ चोळलं. "ज्योतीराम, हे खरं असलं तरी स्टेजवर चालत नाही. लोक घरी काय घेऊन जातील? बरं, मान खाली घालू नकोस. नुसता लंगड. नाटक चांगलं झालं की मी तुला सोडतो. मी सोडल्याशिवाय प्रेसवर जाता येत नाही, हे तुला माहीत आहे."

ते ज्योतीरामला माहीत होतं. तो लंगडू लागला. सुरुवातीला लंगडणं आपोआप येत होतं. पण तालमी होत गेल्या तसा घोटा बरा होत गेला. फेब्रुवारीच्या मध्याला तो गोठ्यात बसून दोन्ही वाटोळ्यांसकट ळ काढू लागला, आणि त्याच आठवड्यात बापट तालमीत ओरडले.

"हे काय चाललंय? मागच्या आठवड्यात किती सुंदर लंगडत होतास. मेहनत घे जरा."

मेहनत घे, हे ज्योतीरामला आयुष्यात प्रथमच कोणी ऐकवलं होतं. त्याला ते झोंबलं. यमाचं काम करणारा वजीर नावाचा कामगार रंगखात्यातला होता, उंच आणि खर्जातल्या आवाजाचा. तो म्हणाला, "साहेब, मी लंगडू का? यम लंगडा दाखवू." बापटांनी त्याला गप्प केलं.

त्याच सुमारास डॉक्टरबाई खिडकीशी आल्या. ज्योतीराम नाटकात आहे एवढंच त्यांच्या कानावर आलं होतं, काम लंगड्याचं आहे हे नाही. "चार तारखेला मी पुढच्याच रांगेत असेन," त्या म्हणाल्या. "तपासणीच्या खोलीत सगळेच नीट चालतात. स्टेजवर माणूस स्वतःला विसरतो, तिथे मी तुझी चाल बघते. पाच तारखेला सकाळी ये, फिट की अनफिट सांगते."

ज्योतीराम त्या दिवशी सायकल हातात धरून चालत मोशीला गेला. विचार करायला चालणं बरं पडतं. लंगडला तर बाई अनफिट म्हणणार. नाही लंगडला तर नाटक पडणार आणि बापट सोडणार नाहीत. दोघंही एकाच वेळी एकाच पायाकडे बघणार. तो सरळ युनूसच्या दुकानात शिरला. युनूस तेव्हा यमाचा झगाच शिवत होता. ज्योतीराम सवयीने बाकावर बसला आणि पायडल मारत मारत त्याने सगळं सांगितलं.

"बुटात खडा घाल," युनूस म्हणाला. "लंगडणं आपोआप येतंय."

"उजव्यात? यवढी मेहनत केली त्या पायावर, त्यात खडा घालू?"

"मंग डाव्यात घाल."

मशीन थांबलं. ज्योतीरामचा पाय पहिल्यांदाच शिवणीच्या मध्येच उभा राहिला. बापटांना लंगडणं हवं होतं, पाय कोणता याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. बाईंना उजवा पाय बघायचा होता. डावा लंगडला तर सगळा भार उजव्यावर येणार, आणि तो किती पक्का झालाय हे बाईंना लांबूनसुद्धा दिसणार. एका कामात दोन माल.

"युनूसभाई," तो म्हणाला, "तू शिंपी का झालास?"

"गुडघे चांगले व्हते तवा."

खडा त्याने इंद्रायणीच्या पात्रातून निवडून आणला. फार गोल नको, घसरतो. फार टोकदार नको, जखम होते. टाचेखाली बसेल असा, चपटा, एका बाजूला उंचवटा असलेला. शालनबाईने विचारलं, हे काय. तो म्हणाला, हत्यार.

चार मार्चला कॅन्टीनच्या मोकळ्या जागेत मांडव घातला होता. कामगारांची घरची माणसं आली होती. शालनबाई आली होती, भैरू धुतलेला फेटा बांधून आला होता. पुढच्या रांगेत मोठे साहेब आणि त्यांच्या शेजारी डॉक्टरबाई. वजीर यमाच्या झग्यात पुठ्ठ्याची गदा घेऊन आला. गोंदाने चिकटवलेल्या मिशांतून म्हणाला, इथे सगळ्यांनी बूट घातलेत, माझं पोट कसं भरायचं?

तेवढ्यात ज्योतीराम आला. खड्याने आपलं काम चोख केलं. डावा पाय टेकला की चेहरा आवळायचा, खांदा पडायचा, कंबर वळायची. आणि उजवा पाय येऊन पडायचा तो खांबासारखा. मांडवात कोणीतरी चुकचुकलं. विंगेत बापटांनी दोन्ही हात छातीशी धरले. ज्योतीराम अर्ध्यावर आला आणि मागून भैरूचा आवाज आला.

"ज्योत्या, पाय चुकला. उजवा, उजवा."

मांडव वळून बघू लागला. शालनबाईने भैरूचा फेटा धरून त्याला खाली बसवलं. पण भैरूचं म्हणणं संपलं नव्हतं. "आगं, म्या सोता मोडलाय, मला ठाऊक न्हाई व्हय?"

ज्योतीराम थांबला नाही. आता पाय बदलणं म्हणजे दोन्हीकडून बुडणं. वजीरने गदा भैरूकडे रोखली. "कोण आहे रे तो? याच्यानंतर तुझाच नंबर." मांडव हसून लोटपोट झाला. ज्योतीराम पलीकडच्या विंगेत पोचला आणि बापटांनी त्याला मिठी मारली.

"सोडला तुला," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ज्योतीरामच्याही होतं, पण ते खड्यामुळे.

सकाळी तो तपासणीच्या खोलीत गेला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "डावा बूट काढ."

ज्योतीरामला वाटलं, आधी चांगला पाय बघून मग त्याच्याशी दुसरा ताडून बघणार. ही रीत त्याला आवडली. बाईंनी डावा घोटा दाबला, फिरवला, आत वळवला, बाहेर वळवला.

"दुखतं?"

"न्हाई."

"इथे?"

"न्हाई."

बाईंनी दिवा जवळ ओढला. "कमाल आहे. व्रण शोधूनही सापडत नाही. काल इतका लंगडत होतास आणि घोटा तर उत्तम भरलाय. भीती राहिलीय मनात, दुसरं काही नाही. फिट. जा प्रेसवर."

ज्योतीरामने बूट चढवला. दारापर्यंत गेला. आता प्रेस त्याचा होता. बापटांनी सोडलं होतं, बाईंनी फिट म्हटलं होतं. फक्त बाहेर पडायचं होतं. पण त्याचा पाय उंबऱ्यावर अडला. डाव्या पायाने या चार महिन्यांत एकही अक्षर काढलं नव्हतं. पायडल मारलं नव्हतं. कळ सोसली नव्हती. नुसता शेजारी पडून राहिला होता, आणि शाबासकी त्याला. तो मागे फिरला.

"बाई, त्यो पाय न्हाई."

"कोणता पाय नाही?"

"मोडलेला." त्याने उजवा बूट काढून पाय स्टुलावर ठेवला. व्रण लांबलचक होता.

बाईंनी चष्मा काढला. "मग काल लंगडत कोणता होता?"

"डावा."

"म्हणजे दोन्ही गेले."

"न्हाई. डाव्यात खडा व्हता."

"बुटात खडा गेला तर काढायचा ना."

"म्या घातला व्हता. लंगडता येत नव्हतं म्हणून."

"मग लंगडायचंच कशाला?"

"न्हाईतर बापटसाहेब सोडत नव्हते."

"आणि खडा घालायचाच होता तर दुखऱ्या पायात का नाही घातलास?"

"त्या पायाचं ऑपरेशन झालंय, बाई. त्यात खडा कोन घालंल?"

बाईंनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाल्या, "ऑपरेशन झालेल्या पायाचं मी काहीतरी ठरवू शकते. पण खडा घालून लंगडणाऱ्या माणसाचं काय ठरवायचं? चल, प्रेसवर दाखव. मी समोर उभी राहते. एक जरी ठोका चुकला तर पुन्हा खिडकीवर, आणि तिथेच कायम."

प्रेसभोवती माणसं जमली. बापट आले, अजून कालच्या आनंदातच होते. ज्योतीरामने डावा पाय रोवला, पट्टी सरकवली, हात काढले आणि पायडल दाबलं. ठोका बसला. आणि त्याच क्षणी त्याला कळलं की पाय उठत नाहीये. पाय युनूसच्या चालीवर गेला होता. टाच आणि चवडा, टाच आणि चवडा. दुसरा ठोका खाली यायला निघालेला त्याला तळव्यात जाणवला. त्याने सगळा जोर लावून पाय उपटून वर घेतला.

एकच ठोका बसला होता. पण कसाबसा. शिवणीची ओढ पायात तशीच होती आणि पेटी भरायची होती. नुसतं उचल म्हणून सांगून पाय ऐकेना. त्याला उचलल्यावर काहीतरी काम द्यायला हवं होतं. ज्योतीरामने माल काढला, पट्टी सरकवली, आणि उचललेल्या पायाने हवेत एक ळ काढला. दोन्ही वाटोळी, पुरती. मग पायडल दाबलं. ठोका. पाय वर. ळ. ठोका.

शिवणीची चाल मोडली. ळ काढताना पायाला दुसरं काही सुचतच नव्हतं.

"हा काय करतोय हवेत?" बापटांनी हळूच विचारलं.

"कोण?" डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांची नजर डाव्या पायावर होती, कारण काल लंगडला होता तो डावा. आणि डावा पाय, त्याला काहीच काम नसल्यामुळे, खांबासारखा उभा होता. पेटी भरली. तिच्यात एकही माल दुहेरी ठोक्याचा नव्हता.

"डावा तर हललासुद्धा नाही," बाई म्हणाल्या. "आणि हा मघाचचा, ऑपरेशनवाला, तोही चालतोय म्हणायचा. फिट."

ज्योतीराम त्या प्रेसवर पुढे कितीतरी वर्षं होता. ळ ची त्याला नंतर गरज उरली नाही, पण त्याने सोडला नाही. जो व्यायाम बरं वाटल्यावर सुटतो तो व्यायामच नव्हे, असं तो म्हणे. ऐंशी साली चाकणकडची, कुरुळीची नवी मुलं भरती झाली, त्यांना प्रेस शिकवायला त्याच्याकडे दिलं. ती मुलं त्याचं बघून शिकली. पट्टी सरकवायची, हात काढायचे, पाय उचलून हवेत दोन वाटोळी काढायची, मग दाबायचं. का, ते कोणी विचारलं नाही. प्रेस असाच चालवतात अशी त्यांची समजूत झाली. बापटांनी मात्र एकदा नीट निरखलं. वाटोळी काढेपर्यंत हात डायपासून लांब गेलेले असतात, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि पुढच्या नाटकात त्यांनी यमाला याच ळ पुढे हात टेकायला लावले. वजीर म्हणाला, साहेब, लोकांना कळणार नाही. लोकांना कळलं. टाळ्या पडल्या. भैरूने सगळ्यांत मोठ्याने वाजवल्या आणि शेजारच्याला सांगितलं की हे अक्षर पहिल्यांदा त्याच्या तोंडावर काढलं होतं.

वर्षातून एकदा सगळ्यांची तपासणी होई. डॉक्टरबाई ज्योतीरामला बघताच हसत आणि डावा बूट काढायला सांगत. तो काढी. त्या आधी बूट उलटा करून झटकत, आतून काही पडतं का बघत, आणि मग घोटा दाबून विचारत, "थंडीत दुखतो का रे?"

"ह्यो न्हाई दुखत," ज्योतीराम म्हणे, आणि न सांगता दुसराही बूट काढून तयार ठेवी.